उकंडरावांचं उलटं ठिबक

वऱ्हाडात ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या पोराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणतात आणि नाव ठेवतात उकंडा. देवाची नजर पडलीच, तर त्याला वाटावं हा कचराच आहे, कशाला न्यायचा. थोरल्याच्या पाठची लेकरं जगली नाहीत, तेव्हा रुखमाबाईंनी आपल्या धाकट्याचं असंच केलं, आणि युक्ती इतकी लागू पडली की उकंडराव साठीला टेकले तरी देवाला त्यांची आठवण झाली नव्हती. अशा माणसानं उतारवयात कचऱ्याशीच वैर धरावं, हे म्हणजे उपकार विसरणं झालं. पण त्यांनी ते धरलं खरं.

वैराचं कारण होती कोकिळा, त्यांची बायको. धाडजवळ मळ्यात त्यांचं जुनं मातीचं घर होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून कोकिळा ते रोज पहाटे झाडत होती, आणि अलीकडे झाडून झालं की ओसरीच्या खांबाला धरून बसत होती. छातीतून पेटीच्या भात्यासारखा आवाज यायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दमा सांगितला आणि म्हणाले, धुळीपासून लांब राहा. शेतकऱ्याच्या बायकोला असं सांगितल्यावर ती काय करणार, ती हसली. उकंडरावांना मात्र हसू आलं नाही. दवाखान्याच्या पायरीवरच ते थांबले.

"गावात नवं घर बांधून राह्यलो ना आपण," ते म्हणाले, "त्या घरात तुया हातात झाडू दिसला तं नावाचा उकंडा नाई."

कोकिळेनं ते मनावर घेतलं नाही. नवऱ्याचे शब्द तिनं आजवर बरेच ऐकले होते. काही पुरे झाले होते, काहींची नुसतीच वाफ झाली होती. पण या वेळी उकंडराव पेटले होते. त्याच महिन्यात ते पुण्याला लेकीकडे, पायलकडे गेले, आणि पायलच्या साहेबांच्या बंगल्यात त्यांनी एक अजब प्रकार पाहिला. भिंतीत एक झाकण होतं. बाईनं ते उघडलं, त्यात लांब नळी खुपसली आणि उभ्याउभ्या फरशीवरून फिरवली. धूळ नळीत, नळीतून भिंतीत, भिंतीतल्या पाइपातून थेट खाली गाडीच्या खोलीत ठेवलेल्या मोटारीच्या ड्रममध्ये. ना वाकणं, ना उडणं.

उकंडरावांनी त्या झाकणाला कान लावला, हात लावला आणि शेवटी गालही लावला. मग लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तं आपलं ठिबकच हाये. फक्त उलटं. तिकडं मोटारीपासून पानी जाते, इकडं मोटारीकडं कचरा येते."

पायलनं सुचवलं की हातानं ओढायचं एक लहान यंत्र बाजारात मिळतं, ते घ्या, भिंती फोडायची गरज नाही. पण ज्याच्या शेतात चारी बाजूंनी ठिबक आहे, त्या माणसाला भिंतीतून पाइप नेण्याची कल्पना एकदा सुचली की लहान यंत्र दिसतच नाही.

धाडला पाइपाचं काम म्हणजे कय्यूम. आसपासच्या निम्म्या शेतांचं ठिबक त्याच्या हातचं, बोअरमध्ये मोटार सोडणं आणि अडकलेली काढणं हेही त्याच्याकडेच. दोघं नव्या घराच्या अर्धवट फरशीवर उकिडवे बसले आणि कोळशानं आराखडा काढला. ही मेन लाइन, ही सबमेन, हे प्रत्येक खोलीचं एकेक तोंड. गवंड्यानं प्लास्टर झालेली भिंत पुन्हा फोडावी लागणार म्हणून दोन दिवस अबोला धरला. देवघरातही एक तोंड निघालं, तेव्हा रुखमाबाईंनी विचारलं की देवाच्या खोलीत हे उंदराचं बीळ कशाला. उकंडरावांनी त्यांना उलटं ठिबक समजावून सांगितलं. ते त्यांनी गवंड्याला, वायरमनला, दूधवाल्याला, सगळ्यांनाच समजावलं होतं. आख्ख्या धाडला पाठ झालं होतं की हे ठिबकच आहे, पण उलटं.

मग जालन्याहून मोटार आली. मोठा ड्रम, वर मोटार, आणि दोन बाजूंना सारख्या मापाची दोन तोंडं. सोबत एक कागद होता, त्यावर परक्या लिपीत मजकूर आणि दोन चित्रं. कय्यूमनं चित्रं सुलटी पाहिली, उलटी पाहिली आणि कागद खिशात ठेवला. पाना हातात घेऊन त्यानं एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, डिलिव्हरी कोनीकडं?"

"घराकडं," उकंडराव म्हणाले. "मोटार घरासाठी घेतली का गोठ्यासाठी?"

झालं. जन्मभर ज्यांनी मोटारीची डिलिव्हरी शेताकडे आणि सक्शन विहिरीकडे जोडली, त्यांच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. डोकं उलटं म्हणत होतं आणि हात सुलटं करत होते. हवा फेकणारं तोंड घरातल्या पाइपांना जोडलं गेलं, आणि ओढणारं तोंड मागच्या भिंतीतून बाहेर निघालं. तिथं गोठ्याला लागून बैलांसाठी तुरीच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, ढीग रचलेला होता. वर ताडपत्री होती, पण खालून मोकळी.

ड्रमच्या आत एक पांढरी कापडी पिशवी होती, लांबट आणि घट्ट विणीची. कय्यूमला वाटलं, टीव्हीबरोबर थर्माकोल येतो तसं काहीतरी असेल. रुखमाबाईंनी ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, चक्का बांधायला अशी पिशवी बाजारात शोधून सापडत नाही. पिशवी स्वयंपाकघरात गेली.

एवढं होऊनही लगेच चालवून पाहिलं असतं तर निभावलं असतं. पण नव्या मोटारीचं बटण नारळ फोडल्याशिवाय दाबायचं नाही, हा तिकडचा रिवाज. बोअरची मोटार असो की पिठाच्या गिरणीची. आणि नारळ फोडायला मुहूर्त हवा. उकंडरावांनी तो काढला महालक्ष्म्यांचा.

आता महालक्ष्म्यांचं, म्हणजे भादव्यातल्या गौरींचं, सांगायला हवं, कारण खरा जीव तिथं अडकला होता. या घराण्याच्या महालक्ष्म्या बसायच्या देऊळगाव राजाला, थोरले भाऊ अर्जुनराव यांच्याकडे. भादव्यात मुखवटे बाहेर काढायचे, पावलं काढायची, वाजतगाजत त्यांना घरात आणून साड्या नेसवायच्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला पुरणाचं जेवण. मुखवटे हातात धरून आत आणायचा मान घरच्या सुनेचा, म्हणजे थोरल्या जयमालाबाईंचा. कोकिळा दरवर्षी जायची आणि मागच्या बाजूला पुरण वाटायची. तिनं कधी तक्रार केली नाही. पण एकदा, मुखवटे उंबरा ओलांडत असताना, ती पुरणाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहिली होती, आणि उकंडरावांनी ते पाहिलं होतं.

यंदा रुखमाबाईंनी निवाडा केला. अर्जुनरावांच्या घरी आता दोघंच माणसं, एवढं निभत नाही. उकंड्याचं घर नवं आहे, यंदापासून महालक्ष्म्या तिकडे. जयमालाबाईंनी बरं म्हटलं, पण कसं म्हटलं ते ऐकणाऱ्यालाच कळलं. एक अट रुखमाबाईंनीही घातली. घरात लेकानं झाडू येऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. झाडू म्हणजे लक्ष्मी. घर आरशासारखं असेल तरच त्या आत येतील, नाहीतर देऊळगावला परत, आणि एकदा परत गेल्या की पुन्हा विषय काढायचा नाही.

"माय, तू पाह्य तं खरी," उकंडराव म्हणाले. जुन्या घराचा झाडू नव्या घरात आणत नसतात, म्हणून तो मळ्यातच टाकून आले. नवा घेतला नाही. छाती फुगवून घेतला नाही.

आवाहनाच्या दिवशी दुपारी नारळ फोडायचा होता, तर थ्री फेज गेली. मोटार सिंगल फेजवरही मिळत होती, पण उकंडरावांच्या मते सिंगल फेजची मोटार म्हणजे पंखा. सगळे थांबले. जयमालाबाई देऊळगावहून जीप करून मुखवटे घेऊन आल्या होत्या. अंगणात तुळशीजवळ पाटावर मुखवटे मांडले, आणि नवं हिरवं लुगडं नेसून कोकिळा त्यांच्याजवळ बसली. आत हॉलमध्ये लोखंडी उभ्यांना, म्हणजे मुखवटे बसवायच्या सांगाड्यांना, साड्या नेसवून झाल्या होत्या, फक्त मुखवट्यांची वाट होती. दिवेलागणीच्या थोडं आधी लाइट आले. उकंडरावांनी नारळ फोडला, पाणी मोटारीवर शिंपडलं आणि बटण दाबलं.

आधी एक सुस्कारा ऐकू आला, घरानं श्वास घ्यावा तसा. मागं गोठ्यात बैलांनी माना वर केल्या, कारण त्यांची वैरण भिंतीत शिरायला लागली होती. मग सगळ्या खोल्यांच्या सगळ्या तोंडांतून एकदम तुरीचं कुटार बाहेर आलं. हॉलमधून आलं, न्हाणीतून आलं, देवघरातल्या बिळातून तर असं आलं की गणपती दिसेनासा झाला. उकंडरावांना पहिल्यांदा वाटलं, हा जुना कचरा असेल, निघून जाईल आणि मग ओढायला लागेल. म्हणून ते थांबले. बटण बंद करण्याऐवजी ते थांबले, आणि हे त्यांना पुढं बरीच वर्षं ऐकावं लागणार आहे.

शेवटी कय्यूमनंच पुढं होऊन बटण बंद केलं. त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. "भाऊ," तो म्हणाला, "हे ठिबक सुलटं झालं." त्यानं पाना उचलला तोच लाइट पुन्हा गेले, आणि मोटारीचं तोंड फिरवूनही आता काही उपयोग उरला नाही.

कोकिळा धावत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशीच थबकली. एक श्वास आत घेतला तशी खोकायला लागली, ती तुळशीपर्यंत मागं गेल्यावरच थांबली. जयमालाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या वाईट नव्हत्या. पण जे बोलायचं ते त्या बोलल्याच. "कोकिळे, तुले आतच जाता येत नाई तं तू महालक्ष्म्या आननार कशी? नक्षत्र जेवनवेळेपर्यंत हाये. जीप उभी हाये. मी परत नेतो."

कोकिळेनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते अंधुकात दिसलं नाही, पण तिनं लुगड्याचा पदर तोंडावर धरला तो खोकला थांबल्यावरही काढला नाही. जो शब्द बायकोच्या भल्यासाठी दिला, त्यानंच तिला तिच्या घराबाहेर उभं केलं होतं. उकंडराव जयमालाबाईंना म्हणाले, "वयनी, पाच मिनिटं जीप थांबवा," आणि झाडू मागायला निघाले.

घरोघर कंदील आणि बॅटऱ्या लागल्या होत्या, आणि घरोघर महालक्ष्म्याच येत होत्या. शेजारच्या सुचितानं सगळं ऐकून घेतलं, चहा विचारला, सूप देऊ केलं, परातही देऊ केली. झाडू म्हटल्यावर मात्र तिनं कानाला हात लावला. दिवे लागल्यावर, तेही आजच्या दिवशी, घरातली लक्ष्मी उचलून शेजाऱ्याच्या हातात द्यायची? पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी म्हातारीनं झाडू पाठीमागं लपवूनच दार उघडलं. बातमी उकंडरावांच्या आधी पोचली होती. दुकानदाराकडचे सगळे झाडू सणासाठी आदल्याच दिवशी खपले होते.

तेव्हा उकंडरावांना एकदम हुशारी सुचली. ते थेट कय्यूमच्या घरी गेले. तिथं महालक्ष्म्या नाहीत, अडचण नाही. कय्यूमची बायको अख्तरी दारातच भेटली. उकंडरावांनी झाडू मागितला आणि अख्तरी संकोचून गेली.

"भाऊ, मगरिबची नमाज होऊन गेली ना," ती म्हणाली. "आता झाडू उंबऱ्याबाहेर नाई देत. बरकत जाते."

उकंडराव तिथल्या ओट्यावर बसले. "मंजे तुमच्यातबी?"

"माह्या सासूनं सांगेल हाये. तिले तिच्या सासूनं." तिला त्यांची दया आली. आत जाऊन तिनं एक बादली आणि जाड फडकं आणलं. "झाडू कायले पाह्यजे? पोछा मारा ना. पोछ्याले कोनीच काई म्हनत नाई."

उकंडराव बादली घेऊन परत आले तेव्हा जीपचं इंजिन चालू होतं आणि मुखवटे पाटासकट जयमालाबाईंच्या मांडीवर होते. उकंडरावांनी कुणालाच काही विचारलं नाही. धोतराचा काष्टा घट्ट खोचला, बॅटरी खिडकीत ठेवली आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. कुटार कसं बसवायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आधी हातानं पाणी शिंपडलं, धूळ खाली बसली, आणि मग गुडघ्यावर बसून फडकं फिरवायला लागले.

रुखमाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. "दिवे लागल्यावर झाडत नसतात, उकंड्या," त्या म्हणाल्या.

"झाडून नाई राह्यलो, माय. पुसून राह्यलो."

म्हातारीनं विचार केला. शास्त्र तिच्याकडे होतं, तिच्यावर कुणी नव्हतं. "पुसनं चालते," तिनं निकाल दिला.

हॉल मोठा होता. घर बांधताना उकंडरावांनीच गवंड्याकडून भिंत पुढं सरकवून घेतली होती, भावकी पाहिली पाहिजे म्हणून. आता ती भिंत काही केल्या जवळ येईना. अख्तरीचं फडकं चिखल झालं, तसं त्यांनी खांद्यावरचं नवं जरीकाठी उपरणं ओढलं आणि बादलीत बुडवलं. कय्यूमही पाय धुऊन आला, देवघरापर्यंत जाऊ का म्हणून रुखमाबाईंना विचारलं, आणि न्हाणीकडून पुसायला लागला. उकंडरावांच्या कमरेत कळ यायला लागली, गुडघे बोलायला लागले, आणि त्यांच्या मनात आलं की ही असं रोज करत होती. आपण चहा मागायचो तेव्हा हिचं हे करून झालेलं असायचं. आपण कधी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना लाज वाटली, आणि ती लाज पुसून निघण्यासारखी नव्हती.

"कोपरा राह्यला," खिडकीबाहेरून आवाज आला. कोकिळा गजांना धरून उभी होती. पदर तोंडावरून खाली आला होता.

"कोनता?"

"डावा. आन फडकं पिळून घ्या. तुमी तं गाळ पसरवून राह्यले."

"हा एवढा हॉल कोनं बांधला?" उकंडराव कण्हत म्हणाले.

"तुमीच," कोकिळा म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसली, पण खोकला आला नाही. तिनं मुद्दाम एक लांब श्वास घेऊन पाहिला. आत ओल्या फरशीचा वास होता, बाकी काही नव्हतं.

जयमालाबाई जीपमधून हे सगळं बघत होत्या. दीर गुडघ्यावर रांगतोय आणि जाऊ खिडकीतून हुकूम सोडतेय, असं त्यांच्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचे अर्जुनराव तर पाण्याचा तांब्याही स्वतः उचलत नसत. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "इंजिन बंद कर बावा. डिझेल फुकट जाऊन राह्यलं," आणि पाट उचलून खाली उतरल्या.

फरशी वाळायच्या आत कोकिळेनं उंबऱ्यापासून हॉलपर्यंत कुंकवाची पावलं काढली. एक मुखवटा तिच्या हातात, दुसरा जयमालाबाईंच्या. उकंडरावांच्या मागोमाग आलेली अख्तरी ताट-चमचा वाजवत अंगणात उभी राहिली. कोकिळेनं उजवं पाऊल आत टाकलं तेव्हा उकंडराव ओलं उपरणं हातात धरून भिंतीला टेकले होते, कारण त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. डोळे पाणावले होते ते कुटारामुळे, असं ते अजून सांगतात.

या घराण्यात असा रिवाज आहे की महालक्ष्म्यांना जागेवर बसवण्याआधी सगळं घर फिरवून दाखवतात. सासू प्रत्येक दाराशी विचारते, सून उत्तर देते. घरात जे भरभरून असावं असं वाटतं, तेच सांगायचं.

"इथं काय हाये?" रुखमाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी विचारलं.

"अन्नपूर्णा हाये," कोकिळा म्हणाली. आत खुंटीला पांढरी पिशवी टांगली होती, तिच्यातून दह्याचं पाणी टपकत होतं. कय्यूमनं दारातून पाहिलं आणि खिशातला कागद काढून पहिल्यांदाच नीट बघितला. चित्रात तीच पिशवी ड्रमच्या आत होती.

"आन इथं?"

"धान्याच्या राशी हायेत."

मागच्या लहान खोलीशी येऊन सगळ्या थांबल्या. दाराआड तो ड्रम होता, मोटार होती, बाहेर गेलेला पाइप होता. रुखमाबाईंनी ही खोली सोडून पुढं जावं म्हणून उकंडराव मागून हात हलवत होते. म्हातारी जागची हलली नाही.

"इथं काय हाये?"

कोकिळेनं मोटारीकडे पाहिलं, मग मान वळवून नवऱ्याकडे. त्यांच्या गुडघ्यांवर दोन ओली वर्तुळं उमटली होती, मिशीत तुरीचं कुटार होतं.

"इथं मालकाचा शब्द ठेवेल हाये," ती म्हणाली. "उलटा बसला व्हता. आज सुलटा झाला."

रुखमाबाईंनी कुंकवाचं एक बोट ड्रमला लावलं आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.